गुणमालाकाकींचा टाका

आष्ट्यात कुणाला लांबच्या प्रवासाला निघायचं असलं, की तिकीट मागंपुढं झालं तरी चालतं. गुणमालाकाकींची सवड मात्र आधी विचारावी लागते. दर वर्षी गावातून तीस-बत्तीस बायका जैनांच्या शिखरजीच्या यात्रेला निघतात. निघण्याआधी आठ दिवस काकींच्या सोप्यात पाय ठेवायला जागा नसते. कुणाच्या पूजेच्या साड्या, कुणाचं पाणी गाळायचं फडकं, कुणाची गुडघ्याची गोळ्या-औषधं. काकी मधोमध मांडी घालून बसणार आणि दोन पिशव्यांचं सामान एका पिशवीत घालून दाखवणार.

त्यांची रीत ठरलेली. प्रत्येक जिन्नस वेगळा, जुन्या धोतराच्या कापडाच्या पुरचुंडीत. पुरचुंडीचं तोंड दाभणानं शिवायचं आणि वर दुहेरी टाका घालायचा. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पहिल्या यात्रेत रेल्वेत कुणाच्या तरी मेतकुटाच्या डब्याचं झाकण निघालं आणि पूजेची पांढरी वस्त्रं पिवळी झाली, तेव्हापासूनची ही रीत. एकदा टाका पडला की वस्तू घरी पोचली म्हणून समजावं. कुणी नव्या सुनेनं "काकी, आता चेनच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या मिळतात" असं सुचवलं, तर काकी चष्म्यावरून तिच्याकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "मिळत्यात की. पण त्या पिशव्यास्नी काय कळतंय?"

या टाक्यानंच एकदा त्यांचा घात केला होता. गावाला ते ठाऊक नाही, आणि काकी सांगणाऱ्यांतल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यांची एकुलती एक लेक ब्राह्मी, दिल्लीजवळ गुरुग्रामला नोकरी करणारी, पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात एका सकाळी तिचाच फोन आला, "आई, तू ये." एवढंच. काकींनी लगेच निघायचं ठरवलं. पण लेकीकडं रिकाम्या हातानं जायचं कसं? डिंक तळला, खोबरं भाजलं, लाडू वळले. गाईचं तूप कढवलं. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. एकोणीस पुरचुंड्या झाल्या. या सगळ्यात दीड दिवस गेला, मग मिरजेहून रेल्वे, तिचा आणखी दीड दिवस. काकी दारात पोचल्या तेव्हा बाळ येऊन गेलेलंही होतं. ब्राह्मी भिंतीकडं तोंड करून पडली होती. तिनं मान वळवली नाही, रडली नाही. "बॅगा तिकडं ठेव," एवढंच म्हणाली.

त्यानंतर फोन येत होते, सणावाराला बोलणं होत होतं. पण आपल्या मनातलं लेकीनं आईला पुन्हा कधी सांगितलं नाही. आणि काकींनाही "माझं चुकलं" हे दोन शब्द तोंडातून काढता आले नाहीत. चारचौघांची गाठोडी बांधणारी ही बाई आपलं हे गाठोडं मात्र उराशी धरून बसली होती.

आता दुसरी खेप होती. दिवस भरायला महिना बाकी होता. काकींनी पंधरा दिवसांनी निघायचं म्हणून रेल्वेचं तिकीट काढून ठेवलं होतं, तीन मोठ्या बॅगा कोपऱ्यात तयार होत होत्या. आणि मंगळवारी सकाळी सहाला जावयाचा, भरतेशचा, फोन आला.

"आई, ब्राह्मीचं बीपी फार वाढलंय. रात्रीच दवाखान्यात ठेवलंय. डॉक्टर थांबायला तयार नाहीत. आज संध्याकाळी सहाला ऑपरेशन करणार. तुमचं विमानाचं तिकीट काढलंय, पुण्याहून दीडचं. चार वाजेपर्यंत दिल्लीत याल. फक्त सात किलोची एकच बॅग, हातातली. मोठं सामान आणलंत तर उतरल्यावर ते मिळेपर्यंत वेळ जाईल."

"ब्राह्मीनं बोलावलंय?" काकींनी विचारलं.

"तिला सांगितलं नाही अजून. ती म्हणत होती, आईला नका घाई करायला लावू, ती तिचं आवरून येईल."

आवरून येईल. काकींनी फोन ठेवला आणि देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले, पण ओठांवर णमोकार मंत्र यायच्या आधी तोच शब्द पुन्हा कानात वाजला.

काकींचे यजमान श्रेणिककाकांनी तोवर शेजारच्या तानाजीला उठवून गाडी काढायला सांगितली होती. काका द्राक्षांच्या व्यापाऱ्यांत वावरलेले, वेळेचे पक्के. "सातला गाडी हलली पायजे," ते म्हणाले. "एक साडी घाल, चष्मा घे, चल."

पण तीन बॅगांतलं सामान समोर होतं आणि सात किलोंत काय बसतं हे आष्ट्यात काकींइतकं कुणाला कळत नव्हतं. त्यांनी माळ्यावरची छोटी बॅग काढली. भिंतीवरचा लटकता काटा काढला. दुपटी घेतली. बाळाची टोपडी घेतली. डिंकाचे लाडू चाळीसातले पंधरा घेतले. मेतकूट, हळद, आळीव, शेवया थोड्या थोड्या. तुपाची बरणी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली, आणि डोळ्यांत पाणी आणून बाजूला ठेवली. काटा सहा किलो नऊशेवर थांबला. मग त्यांनी दाभण काढलं.

"अगं, शिवत काय बसलीस? विमानात काय चोर हायती?" काका ओरडले.

"सांडलं तर? झालं, धाच मिंटं."

दहा पुरचुंड्यांना दहा मिनिटं कशी पुरणार! गाडी हलली तेव्हा साडेसात झाले होते. काकींनी दाभण आणि दोऱ्याचं बंडल बॅगेच्या बाहेरच्या खिशात टाकलं, वाटेत लागलं तर असावं म्हणून.

पेठ नाक्याला हमरस्ता लागला आणि तानाजीनं गाडी दामटली. तो मुंबईला टॅक्सी चालवून गावी परतलेला पन्नाशीचा गडी, हात सफाईदार होता. काकी मागं बसून दर दहा मिनिटांनी वेळ विचारत होत्या. कऱ्हाड मागं पडलं. "साडेअकराला पुण्यात सोडतो, काकी. बिनघोर ऱ्हावा," तो म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला.

फोन साताऱ्याहून होता, विहीणबाईंचा. भरतेशची आई क्षमाताई, गुडघ्यांमुळं प्रवास बंद झालेली. "गुणमालाबाई, तुम्ही निघाल्याचं भरतेशनं सांगितलं. मला काही जाता येत नाही हो. मी हायवेला फाट्यावर येऊन उभी राहते. बाळासाठी चार गोष्टी आहेत, तेवढ्या घेऊन जा."

आता विहिणीला नाही म्हणायचं, म्हणजे जन्मभराचं बोलणं खायचं. त्यातून ती दुखऱ्या गुडघ्यांनी रस्त्याच्या कडेला उभी राहणार. "काकी, सांगा की घाई हाय म्हणून," तानाजी आरशातून बघत म्हणाला. काकींनाही तेच वाटत होतं. पण तोंडातून निघालं ते, "पाचच मिंटं थांबू, रं."

क्षमाताई एकट्या नव्हत्या, शेजारीण बरोबर होती, थर्मासमध्ये चहा होता. गाडीतून उतरलंच पाहिजे. हळदीकुंकू झालं. मग तिथंच धुळीत उभं राहून त्यांनी काकींची ओटी भरली, तांदूळ आणि खोबऱ्याची अखंड वाटी. "ही ब्राह्मीच्या ओटीत घाला हो, ऑपरेशनला नेण्याआधी. आमच्या घराची रीत आहे." वर बाळाचं चांदीचं वाळं, लोकरीचं झबलं, कंदी पेढ्यांचा पुडा. क्षमाताईंचे डोळे भरून आले होते. त्या माउलीचं तरी काय चुकलं होतं? तिचाही जीव तिकडंच अडकला होता. पण पाच मिनिटांची पंचवीस झाली.

गाडी सुटल्यावर काकींनी काय करावं? ओटी पदरात किती वेळ धरणार, तांदूळ सांडणार. त्यांनी दाभण काढलं आणि हलत्या गाडीत विहिणीचं सगळं दोन पुरचुंड्यांत शिवून टाकलं. दुहेरी टाका. हाताला सवय होती, आणि हात चालू राहिले की मन जरा गप्प बसायचं.

खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडं ट्रक बंद पडला होता. गाड्यांची रांग लागलेली. तानाजीनं इंजिन बंद केलं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. त्यांनी माळ काढली आणि जप सुरू केला, पण मणी पुढं सरकत होते आणि मन साताऱ्याच्या फाट्यावर, घरातल्या काट्यापाशी, आणि दोन वर्षांमागच्या त्या दारात घिरट्या घालत होतं. अर्धा तास घरी गेला. पंचवीस मिनिटं फाट्यावर. याचा दोष कुणावर टाकणार?

"तानाजी, विमान चुकलं तर दुसरं कवा असतंय?"

"रातीचं असंल, काकी." मग त्यानं आरशातून त्यांचा चेहरा पाहिला आणि घाईनं म्हणाला, "पण चुकत न्हाई. म्या हाय न्हवं?"

पाऊण तासानं रांग हलली. पुण्यात विमानतळाच्या दारात गाडी थांबली तेव्हा बारा चाळीस झाले होते. दार एक पाचला बंद होतं, असं भरतेशनं तीनदा फोन करून सांगितलं होतं. काकींनी आयुष्यात विमानतळ पाहिला नव्हता. एक साधा चेहरा बघून त्या त्याला फोनमधलं तिकीट दाखवायच्या, तो बोट दाखवील तिकडं पळायच्या. तपासणीच्या रांगेत त्यांनी पुढच्या सात जणांना हात जोडले. "लेकीचं आपरेशन हाय हो." सातही जण बाजूला झाले. माणसं वाईट नसतात.

बॅग मशीनमधून गेली आणि पट्टा थांबला. बॅग बाजूला काढली गेली.

खाकी वर्दीतली एक मुलगी पुढं आली. छातीवरच्या पट्टीवर रेश्मा लिहिलं होतं. "ये बैग किसका है?" तिनं विचारलं, आणि काकींचं नेसणं, कुंकू बघून लगेच भाषा बदलली. "मावशी, तुमची का? कुठल्या तुमी?"

"आष्ट्याची."

"मी दहिवडीची, माणची. मावशी, ह्यात टोकदार काय हाय?"

दाभण निघालं. ते तिनं एका पेटीत टाकलं. मग तिनं बॅग उघडली आणि आत बघतच राहिली. बारा पुरचुंड्या, एकीला एक चिकटून, एकूणएक शिवलेल्या.

"ह्यात गोल, वाटीसारखं काय दिसतंय मशीनमधी?"

"खोबऱ्याची वाटी. ओटीची."

"सुकं खोबरं विमानात चालत न्हाई, मावशी. तेलकट असतंय, पेट घेतंय. काढावं लागंल. आणि ह्या पुड्या पिवळ्या, त्या काय हायत? उघडून दाखवा सगळ्या."

"कात्री द्या जरा."

"हितं कुठली कात्री, मावशी?" रेश्मा म्हणाली. ती हसली नाही.

काकींनी पहिली पुरचुंडी दाताला लावली. टाका सुटेना. अठ्ठावीस वर्षं कुणाचा सुटला नव्हता, आता काय सुटतोय! नखानं ओढला, नख मोडलं. तोंडात दोरा घेऊन जोरानं हिसका दिला तेव्हा कापडच फाटलं आणि मेतकूट टेबलावर पसरलं. ओटी कुठल्या पुरचुंडीत होती? सगळ्यांना एकच पांढरं कापड, एकच टाका. दुसरी फोडली, त्यात शेवया. मागं माणसं खोळंबली होती. वर भिंतीवरच्या घड्याळात बारा चोपन्न झाले होते. काकींचे जे हात मोती ओवावेत तसे टाके घालायचे, त्यांना आता दोऱ्याचं टोक सापडेना.

रेश्मानं त्यांचा हात धरला. "मावशी, ऐका. हे समदं उघडून बघायचं म्हंजे अर्धा तास. मला सोडता येत न्हाई, तुमचं मला समजतंय तरीबी. तुमचं दार एक पाचला लावतंय, आणि ते हितनं लय लांब हाय. बोला, काय करायचं?"

काकींनी बॅगेकडं पाहिलं. त्यात विहिणीची ओटी होती, ऑपरेशनआधी घालायला सांगितलेली. त्यात मऊ लुगड्यांची दुपटी होती, मागल्या खेपेला न उघडता परत आणलेली, तीच. त्यांना वाटलं, एवढं मोठ्या निगुतीनं केलेलं सोडून जायचं म्हणजे लेकीच्या दारात कोणत्या तोंडानं उभं राहायचं? आणि त्याच वेळी दुसरंही लख्ख कळलं, की मागल्या खेपेला हेच तोंड सांभाळता सांभाळता त्या उशिरा पोचल्या होत्या. कुणी अडवलं नव्हतं, त्यांनीच स्वतःला अडवलं होतं. याचीच त्यांना आता भयंकर चीड आली.

"ऱ्हाऊ दे समदं," त्या म्हणाल्या.

"समदं? बाळाचे कपडे तरी काढून घ्या, मावशी."

"बाळाच्या आईकडं जायाचंय मला. सोड, पोरी."

रेश्मानं कागद पुढं केला. काकींनी सही केली, तानाजीचा नंबर लिहून दिला. "गाडी बाहेरच असंल. त्याला दे. विहीणबाईंची वस्तू साताऱ्यात पोच कर म्हणावं." मग त्यांनी चपला हातात घेतल्या, निऱ्या वर खोचल्या आणि पळत सुटल्या. एकसष्टाव्या वर्षी, अनवाणी, त्या गुळगुळीत फरशीवर. कोण काय म्हणेल हा विचार त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच मागं राहिला होता. दारातला मुलगा साखळी लावत होता. त्यानं ती पुन्हा काढली.

विमानात शेजारच्या बाईनं खायला दिलं, ते त्यांनी हात जोडून परत केलं. सकाळपासून पोटात घोटभर चहाखेरीज काही नव्हतं आणि भूकही नव्हती. मांडीवर ठेवायला काही नसल्यानं हात कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. दोन तास त्या एकच वाक्य मनात घोकत होत्या, आणि दर वेळी पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात करत होत्या.

दवाखान्यात पोचायला सव्वापाच झाले. भरतेश फाटकाशी उभा होता. त्यानं सवयीनं सामान घ्यायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला.

ब्राह्मीला हिरवा झगा घातला होता. हाताला सुई, चेहरा सुजलेला. दार वाजलं तसं तिनं बघितलं, आणि तिचे डोळे आधी आईच्या हातांकडं गेले, मग मागं, दाराकडं.

"सामान?"

"न्हाई आणलं."

"काहीच नाही?"

"विमानतळावर अडीवलं. थांबले असते तर विमान गेलं असतं. मग दिलं टाकून."

आई सामान टाकून आली, ही गोष्ट ब्राह्मीच्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. काकी पलंगापाशी गेल्या. दोन तास घोकलेलं वाक्य आता पुरतं विस्कटून गेलं होतं, तसंच ते बाहेर आलं.

"माझं चुकलं, ब्राह्मी. तवा तू ये म्हणालीस आन् मी लाडू वळत बसले. तुझं बाळ गेलं तवा तू एकली हुतीस. माझ्यामुळं एकली हुतीस. मी लय मोठी चूक केली."

भरतेश खिडकीकडं वळला. ब्राह्मीचा चेहरा हलला, ओठ आवळले गेले, आणि दोन वर्षं भिंतीकडं तोंड करून साचवलेलं रडं एकदम फुटलं. मशीनमधला बीपीचा आकडा वर चढला, नर्स धावत आली, रागावली. ब्राह्मीनं तिच्याकडं लक्षच दिलं नाही. तिनं सुई टोचलेला हात आईकडं पुढं केला.

"आई, मला लय भ्या वाटतंय."

"काय होत न्हाई" हे काकींच्या जिभेवर आलं होतं. सगळ्यांना त्या तेच सांगत आल्या होत्या. पण त्यांनी ते गिळलं.

"मलाबी," त्या म्हणाल्या.

पुढचं सगळं नीट झालं. सहा वाजून चाळीस मिनिटांनी मुलगी झाली, अशक्त होती, काचेच्या पेटीत अठरा दिवस राहिली आणि घरी आली. क्षमाताईंची ओटी तानाजीनं त्याच दिवशी परत केली. त्या दोन दिवस फुगून बसल्या, तिसऱ्या दिवशी फोनवर नातीचा आवाज ऐकून विरघळल्या. पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी सहाला पाच कमी असताना पलंग ढकलत नेला, तेव्हा यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. काकी बाजूनं चालत होत्या. लांबलचक बोळ, पांढरे दिवे, चाकांचा आवाज. टोकाच्या दारापाशी पलंग थांबला.

"माताजी, अब हाथ छोड़ दीजिए," नर्स म्हणाली.

काकींनी खाली पाहिलं. मग यात्रेत शिकलेल्या मोडक्यातोडक्या हिंदीत त्यांनी नर्सला सांगितलं, "मैंने नहीं पकड्या, बेटी. उसने पकड्या है."